नवरी तयार व्हायला किती दिवस लागतात?

पेट झाली, सिनॉप्सिस लिहायचं आहे, आणि विषय काही सुचत नाही. तुमच्यापैकी बरेच जण सध्या याच अवस्थेत असतील. अशा वेळी आपण 'मोठा' विषय शोधायला लागतो आणि त्यात सहा महिने निघून जातात. म्हणून आज मुद्दाम असा विषय घेतला आहे, जो संशोधन समितीसमोर मांडला तर आधी दोन-तीन जण हसतील. लग्नाच्या दिवसासाठी नवरीची तयारी. हळद, मेंदी, बांगड्या, केस, पार्लर. जागा यवतमाळ जिल्हा, काळ साधारण दीडशे वर्षं.

पण हसण्यासारखं त्यात काही नाही. या एका विषयात जात आहे, शेतीचं वर्ष आहे, कायदा आहे, बाजार आहे आणि चांगलं भक्कम रसायनशास्त्रही आहे. मी मूळची विज्ञान शाखेची, त्यामुळे मला यातलं रसायन आधी दिसतं. आणि रसायन आधी दिसणं हाच या विषयातला सगळ्यात मोठा धोका आहे. तो कसा, ते पुढे बघू.

प्रश्न लहान करा

"वऱ्हाडातील वधूशृंगाराचा सांस्कृतिक इतिहास" हा विषय नाही, ते पुस्तकाचं कव्हर आहे. त्यावर काम सुरू करता येत नाही, कारण उत्तर मिळालं की नाही हे कसं कळणार? "पूर्वीच्या नवऱ्या जास्त सुंदर दिसायच्या का?" हाही प्रश्न नाही, कारण सौंदर्य मोजायला आपल्याकडे पट्टी नाही.

पण हा प्रश्न बघा: नवरी तयार व्हायला किती दिवस लागत, आणि ते दिवस कोण ठरवत असे? यात एक भाग मोजता येतो आणि दुसरा भाग माणसांबद्दल आहे. वेळ कुणाच्या हातात होता हे एकदा कळलं, की सत्ता कुणाच्या हातात होती हे आपोआप दिसायला लागतं. चांगल्या प्रश्नाची खूण हीच. छोट्या दारातून आत गेलं की घर मोठं निघतं.

कागद कुठे आहेत

यवतमाळवर काम करायचं तर आधी एक गोष्ट पाठ करून ठेवा. हा जिल्हा वऱ्हाडातला, आणि वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. मुलूख कागदोपत्री निजामाचाच राहिला. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर तो कायमच्या पट्ट्याने घेतला गेला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला. आजच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव १९०५ पर्यंत 'वणी जिल्हा' होतं, आणि पुसद त्याच फेररचनेत वाशीमकडून इकडे आलं. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात.

हा सगळा इतिहास नवरीच्या केसांशी कशाला? कारण जुन्या सूचीत 'यवतमाळ' शोधाल तर निम्मे कागद सापडणारच नाहीत. 'वणी' म्हणून शोधावं लागेल, पुसदसाठी 'बाशीम' बघावं लागेल. मुंबईच्या अभिलेखागारात जे नाही ते नागपूरच्या पुराभिलेख कार्यालयात असू शकतं. शिवाय ब्रिटिश हिंदुस्थानात झालेला कायदा वऱ्हाडात आपोआप लागू होत नसे, तो वेगळा लागू करावा लागे. म्हणून "अमुक साली कायदा झाला, म्हणजे यवतमाळातही झाला" असं एका वाक्यात लिहायचं नाही. तारीख तपासायची.

छापील साधनांत १९०८ चं जिल्हा गॅझेटियर, १९७४ चं महाराष्ट्र शासनाचं गॅझेटियर, आणि रसेल व हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा १९१६ चा चार खंडांचा ग्रंथ. यात न्हाव्यांवर, लाखेच्या बांगड्या करणाऱ्या लखेऱ्यांवर, बंजाऱ्यांवर, कोलामांवर स्वतंत्र लेख आहेत. त्र्यं. ना. आत्रे यांचं 'गावगाडा' (१९१५) बलुतेदारी समजायला हवंच. ते पुणे-नगरकडच्या अनुभवातून आलेलं आहे, तेव्हा जसंच्या तसं वऱ्हाडावर चिकटवू नका.

आता या सगळ्या पुस्तकांकडे एकदा लक्षपूर्वक बघा. लिहिणारे पुरुष. माहिती देणारेही बहुतेक पुरुष, पाटील-पटवारी-शिक्षक. नवरीची तयारी मात्र माजघरात, बायकांच्या गराड्यात होत होती. म्हणजे ज्या खोलीचा इतिहास हवा, त्या खोलीत लेखक कधी गेलाच नाही. ही मर्यादा तुमच्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात यायला हवी.

तिथे दुसरी साधनं कामाला येतात. जात्यावरच्या ओव्या, हळदीची गाणी, फोटो. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी जमवलेल्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर आहे. त्या मुख्यतः पश्चिम महाराष्ट्रातल्या, पण बायकांच्या तोंडचं साधन कसं गोळा करायचं आणि कसं लावायचं याचा तो धडा आहे. जाहिरातींसाठी १९३० मध्ये सुरू झालेलं किर्लोस्करांचं 'स्त्री' मासिक आणि स्थानिक वर्तमानपत्रं चाळा. आज मोठं दैनिक असलेलं 'लोकमत' यवतमाळातूनच साप्ताहिक म्हणून निघत होतं, हे विसरू नका.

जुनं वेळापत्रक

लग्नाचा मोसम आधी बघू. चातुर्मासात लग्नं नाहीत. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात. पण कापसाच्या जिल्ह्यात पंचांगाइतकंच शेतही मुहूर्त ठरवतं. वेचणी दिवाळीच्या आसपास सुरू होऊन माघापर्यंत चालते, कापूस विकला की पैसा हातात येतो, रब्बी निघते, आणि मग चैत्र-वैशाखात, पेरणीच्या आधी, लग्नांचा धडाका. म्हणून यवतमाळची नवरी बहुतेक वेळा ४२-४४ अंशांतली नवरी असते. तिच्या केसात मोगरा असतो तो याच मोसमामुळे. मोगरा उन्हाळ्याचा. हिवाळी लग्नात शेवंती. जुन्या फोटोवर तारीख नसेल तर वेणीतलं फूल बघा, निदान मोसम तरी कळेल.

लग्न चार-पाच दिवसांचं असायचं आणि नवरीची तयारी त्या दिवसांत वाटलेली असायची. मांडव पडला, मुहूर्तमेढ रोवली, की सुवासिनी तेल-हळद लावणार. नवरदेवाची उष्टी हळद नवरीकडे येणार. नहाणं होणार. कासार घरी येऊन हिरवा चुडा भरणार. शिकेकाई-रिठ्याने न्हाऊ घालून, तेल लावून, केस विंचरून खोपा किंवा वेणी घालणार. शेवटी मळवट, मुंडावळ्या, बाशिंग. न्हावी, कासार, माळी, सोनार या सगळ्यांचं येणं-जाणं ठरलेलं. न्हाव्यासारख्या बलुतेदाराला मोबदला मिळे तो सुगीला धान्याच्या रूपात, शिवाय लग्नातला मान.

पण 'यवतमाळची नवरी' अशी एकच नवरी नसते, हेही लगेच लिहून ठेवा. जिल्ह्यात कुणबी, माळी, तेली आहेत, गोंड, कोलाम, आंध आहेत, पुसद-दिग्रसकडे बंजाऱ्यांचे तांडे आहेत. बंजारा बाईच्या केसांत दोन्ही बाजूंना अडकवलेली घुगरी-टोपली हीच तिच्या लग्नाची खूण. तिच्या दंडापर्यंतच्या पांढऱ्या चुड्यातलं हस्तिदंत जाऊन प्लॅस्टिक आलं. त्यामागे महागाई जशी आहे, तसा कायदाही आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ मध्ये दुरुस्ती होऊन भारतीय हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली. नवरीचा हात बघून कायद्याचा इतिहास वाचता येतो, तो असा.

हळदीचा सापळा

आता ज्या धोक्याबद्दल सुरुवातीला बोलले, तो.

लग्नसराई आली की मोबाईलवर संदेश फिरतो: "हळद लावण्यामागचं विज्ञान". हळद जंतुनाशक, त्वचा उजळते, पूर्वजांना सगळं माहीत होतं, म्हणून ही प्रथा. विज्ञानाचा विद्यार्थी यावर पटकन मान डोलावतो, कारण अर्धी माहिती बरोबर आहे. कर्क्युमिन १८१५ मध्ये फोगेल आणि पेल्तिए यांनी वेगळं काढलं. त्याची रचना १९१० मध्ये निश्चित झाली. १९४९ मध्ये 'नेचर'मध्ये त्याच्या जंतुविरोधी गुणावर टिपण आलं. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, तेलात विरघळतं, म्हणून तेल-हळद ही जोडी रसायनाच्या दृष्टीने अगदी शहाणी. हळद आम्लारीच्या संपर्कात आली की लाल होते. जुन्या पद्धतीचं कुंकू हळदीवर चुना, टाकणखार यांची प्रक्रिया करून होतं ते त्यामुळेच. हळदीच्या दिवशीचे कपडे साबणाने धुतल्यावर पिवळे डाग लाल झालेले तुम्ही पाहिलेच असतील. तीच ही क्रिया.

पण "हळद कशी काम करते" आणि "हळद का लावत होते" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळतं, दुसऱ्याचं नाही. आपण पहिल्याचं उत्तर उचलून दुसऱ्याला चिकटवतो, ही संशोधनातली फार जुनी खोड आहे.

ही कल्पना तपासायची कशी? जशी कुठलीही तपासतो तशी. ती खरी असेल तर काय काय दिसायला हवं, ते आधी लिहायचं. हळद त्वचेसाठी असेल, तर ती त्वचेवरच लागायला हवी. पण ती जात्याला, मुसळाला, मुहूर्तमेढीला आणि पत्रिकेच्या कोपऱ्यांनाही लागते. औषध म्हणून असेल, तर स्वच्छ, ताजी हळद दोघांना वेगवेगळी मिळायला हवी. पण रीत अशी की नवरदेवाची उष्टी हळद नवरीला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, औषध कुणाच्याही हातून लावलं तरी लागू पडतं. मग विधवेने नवरीला हळद लावायची नाही, हे कुठल्या रसायनात बसतं?

इथे कल्पना कोसळते. हळद हे 'कोण शुभ आणि कोण अशुभ' याची यादी होती. त्या यादीला पिवळा रंग होता, आणि त्या रंगाला काही औषधी गुणही होते. एवढंच आपण म्हणू शकतो.

याच हळदीवरून जगभर गाजलेला एक खटला या फरकावर छान प्रकाश टाकतो. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याबद्दल पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं, जुन्या ग्रंथांपासून १९५३ च्या एका वैद्यकीय शोधनिबंधापर्यंत ३२ संदर्भ पुढे ठेवले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. आपण जिंकलो ते "हा वापर नवीन नाही" या मुद्द्यावर. "हा वापर गुणकारी आहे" हे तिथे सिद्ध करायचंच नव्हतं. २०१७ मध्ये 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'मधल्या मोठ्या आढाव्यात, कर्क्युमिनची नीट नियंत्रित अशी एकही वैद्यकीय चाचणी यशस्वी ठरलेली नाही, असा निष्कर्ष आला. जुना वापर असल्याचा पुरावा आणि गुण असल्याचा पुरावा वेगवेगळे ठेवायला शिका. तोंडी परीक्षेत नेमकं इथेच पकडतात.

केसांचा दुसरा इतिहास

नवरीच्या केसांचा इतिहास लिहिताना फक्त नवरीचेच फोटो बघितले तर निम्मा इतिहास हातून जातो. ज्या समाजात लग्नाच्या दिवशी केस माळले जात, त्याच समाजाच्या काही जातींत नवरा मेल्यावर तेच केस उतरवले जात. केशवपन ही मुख्यतः ब्राह्मण आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या जातींतली प्रथा. नवरी आठ-दहा वर्षांची असेल तर वेणी आणि वस्तरा यांच्यात काही वर्षांचंच अंतर पडू शकत होतं.

वऱ्हाडातल्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं, त्यात विधवेचे केस आणि दागिने काढून घेण्यावर त्यांनी थेट हल्ला केला. १८९० मध्ये सत्यशोधक चळवळीतले कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचे केस कापायचे नाहीत असं ठरवलं. ज्याच्या हातात वस्तरा त्यानेच तो खाली ठेवला. आपल्या विषयात ही घटना फार मोलाची आहे, कारण 'सेवा देणारी जात' इथे निर्णय घेणारी झाली.

आणि हे सगळं संपलेलं नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्यानंतर राज्य शासनाने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. तुमच्या गावात हळदीच्या पाटाभोवती कोण बसतं आणि कोण मागे उभं राहतं, हे बघितलंत तरी तुमच्या हाताला साधन लागेल.

शृंगार नाकारणं हीसुद्धा नोंद आहे. १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाने भटजीविना, थोडक्यात लग्न लावायला सुरुवात केली. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर यवतमाळसह विदर्भात बौद्ध पद्धतीची लग्नं रूढ झाली. पांढरी साडी, पुष्पहार, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर वंदना, मुहूर्त नाही. ज्या गावगाड्यात न्हावी आपल्याला हात लावत नव्हता, त्या गावगाड्याचं वेळापत्रकच या लग्नाने बाजूला ठेवलं. अनेक घरांत हळद तरीही राहिली, हेही खरं. का राहिली, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे.

पार्लर कधी येतं

आता पार्लरकडे येऊ. बहुतेक जण इथे हळहळतात: पूर्वी आई-मावशी तयार करायच्या, आता पैसे मोजावे लागतात. हळहळ बाजूला ठेवून तारखा मांडा.

१९१९ मध्ये मुंबईत 'अफगाण स्नो' हे क्रीम आलं. १९५२ मध्ये टाटांनी 'लॅक्मे' सुरू केली. म्हणजे माल बराच आधी आला. पण माल आला म्हणून पार्लर येत नाही. त्यासाठी अशी नवरी लागते जी स्वतःचं मत सांगू शकते. आठ वर्षांच्या मुलीला "अंबाडा हवा की वेणी" असं कोण विचारणार? १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ केलं, १९४९ मध्ये ते १५ झालं, १९७८ मध्ये १८. कायदा झाला म्हणून लगेच वय वाढलं असं नाही, पण शाळा, कॉलेज, नोकरी यांनी ते हळूहळू वर नेलं. पार्लरच्या खुर्चीत बसून मोबाईलवरचा फोटो दाखवत "मला असं पाहिजे" म्हणणारी नवरी ही या बदलाची फळं खाणारी पहिली पिढी आहे. आणि समोर उभी असलेली पार्लरवाली ताई, आयटीआयचा किंवा एखाद्या क्लासचा कोर्स करून स्वतःचं दुकान चालवणारी, कुठल्याही जातीची, हीसुद्धा त्याच इतिहासातून आली आहे. तिला सुगीची वाट बघावी लागत नाही. ती ॲडव्हान्स घेते.

म्हणजे हिशेब असा. जुन्या वेळापत्रकात दिवस भरपूर होते, पण ते नवरीचे नव्हते. आजच्या वेळापत्रकात निर्णय बराचसा तिचा आहे, पण दिवस विकत घ्यावे लागतात. जो खर्च पूर्वी धान्यात, मानपानात, आहेरात विरघळून जायचा, तो आता रोख रकमेची वेगळी ओळ झाला. कापसाच्या भावावर ज्यांचं वर्ष अवलंबून आहे, अशा जिल्ह्यात ही ओळ लहान नाही. लग्नाच्या कर्जाचा अभ्यास करणाऱ्यांनी ती वेगळी नोंदवावी.

रसायनाला घाई चालत नाही

वेळापत्रक आखडलं, चार दिवसांचं लग्न एका दिवसावर आलं, तरी रेणूंनी आपला वेग बदललेला नाही. विज्ञानाचा खरा उपयोग इथे आहे, प्रथेचं समर्थन करण्यात नाही. तुमच्या घरी येत्या उन्हाळ्यात लग्न असेल तर हा भाग ताईला वाचून दाखवा.

मेंदीत लॉसोन नावाचा रेणू असतो. तो त्वचेच्या वरच्या थरातल्या केराटिनला चिकटतो आणि रंग पुढच्या २४ ते ४८ तासांत गडद होतो. म्हणून मेंदी लग्नाच्या दोन दिवस आधी. खरी मेंदी तासाभरात काळीकुट्ट होत नाही. होत असेल तर तिच्यात बहुधा पॅराफेनिलीनडायअमीन, म्हणजे केसांच्या काळ्या रंगातलं पीपीडी, मिसळलेलं असतं. याची ॲलर्जी उशिरा दिसणाऱ्या प्रकारची. खाज, फोड लगेच येत नाहीत, दोन-तीन दिवसांनी येतात. म्हणजे नेमके लग्नाच्या दिवशी. आणि एकदा शरीराने हा रेणू ओळखून ठेवला की पुढे केस रंगवतानाही त्रास होऊ शकतो. अमेरिकेतल्या संपर्क-त्वचारोग तज्ज्ञांच्या संस्थेने २००६ चा 'वर्षाचा ॲलर्जीकारक पदार्थ' म्हणून पीपीडीचीच निवड केली होती.

उशिरा दिसणारी ॲलर्जी आधी पकडायचा उपाय १८९५ पासून माहीत आहे. योसेफ याडासोन यांची पॅच टेस्ट. घरच्या पातळीवर तिचं साधं रूप: केसांचा रंग, ब्लीच, नवीन क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून किमान ४८ तास बघणं. म्हणून नवी गोष्ट कुठलीही असो, तिची पहिली वेळ लग्नाच्या आठवड्यात नको. दीड-दोन महिने आधी. फेशियल, ब्लीच यांची शेवटची वेळही काही दिवस अलीकडे, म्हणजे लाली उतरायला जागा राहते.

केसांचं गणित वेगळं. केस म्हणजे केराटिन. त्याच्या लांब साखळ्यांमध्ये गंधकाचे पक्के बंध असतात आणि हायड्रोजनचे कच्चे बंध असतात. लीड्समध्ये विल्यम ॲस्टबरी यांनी १९३० च्या दशकात केस आणि लोकर क्ष-किरणांखाली ताणून, भिजवून बघितले आणि केराटिनची रचना बदलते हे दाखवलं. कर्लरने केलेली वळणं कच्च्या बंधांवर टिकतात. ओलावा लागला की ते बंध सुटतात आणि केस पूर्वपदावर येतात.

आता यवतमाळचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. बाहेरची हवा कोरडी ठणठणीत, कुरळे केस टिकायला उत्तम. पण नवरीच्या खोलीत कूलर लावलेला. कूलर हवा थंड करतो तो पाण्याचं बाष्प करून, म्हणजे खोलीत दमटपणा भरून. दोन तास मेहनत करून केलेल्या बटा मांडवात जाईपर्यंत सरळ होतात, आणि दोष येतो पार्लरवाल्या ताईवर. उपाय सोपा आहे: ट्रायल घ्यायची ती लग्नाच्याच मोसमात, लग्नाच्याच वेळी, कूलर सुरू ठेवून. नाहीतर सरळ अंबाडा किंवा खोपा घालायचा. घट्ट बांधलेला, पिना लावलेला खोपा हायड्रोजन बंधांवर अवलंबून नसतो. त्यात आजीला रसायन माहीत होतं असं म्हणायची गरज नाही. तिला उन्हाळा माहीत होता.

तुम्ही काय करू शकता

सुरुवात घरच्या अल्बमपासून करा. एकाच कुटुंबातल्या तीन पिढ्यांचे लग्नाचे फोटो घ्या. प्रत्येक फोटोसाठी तेच पाच रकाने भरा: साल, मोसम, केसांची रचना, फूल, आणि तयार कुणी केलं. शेवटचा रकाना फोटोत दिसत नाही, तो विचारावा लागतो. विचारताना "तुम्हाला कुणी तयार केलं?" याच्यासोबत "तुम्हाला कुणी विचारलं होतं का?" हेही विचारा. आधी परवानगी घ्या, नोंदीत नाव लिहू नका, आणि ज्या बाईला हळदीच्या पाटापासून दूर ठेवलं गेलं तिची मुलाखत घेताना घाई करू नका. ती बोलेल तेव्हा बोलेल. नाही बोलली तर तेही लिहून ठेवा.

असे तीस अल्बम झाले की तुमच्याकडे तक्ता असेल. तो घेऊन गॅझेटियरकडे, जाहिरातींकडे, कायद्यांच्या तारखांकडे वळा. मग समिती हसली तरी हरकत नाही. त्यांना विचारायचं, "सर, तुमच्या घरच्या लग्नात हळद लावायला कोण कोण पुढे आलं होतं?" तिथून पुढे चर्चा आपोआप विषयावर येते.